आधी ऐका, मग खोला!

‘गाडी वाजायलीय.’

गेल्या डिसेंबरात पप्पा हे वाक्य रोज सकाळी म्हणायचे आणि आम्ही घरचे ते रोज सकाळी कानाआड करायचो. आमची ओम्नी २००९ ची. पप्पा तिच्यात वह्या, पेनं, कंपासपेट्या भरतात आणि बदनापूर, अंबड, घनसावंगीकडच्या दुकानांना माल पोचवतात. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. त्यामुळे गाडीचं काही बिनसलं की ते आधी ड्रायव्हरच्याच कानावर पडतं. आवाज कसा, तर शिलाई मशीन चालल्यासारखा. टक टक टक टक. आणि सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक भपका. पाचेक मिनिटांत धूर गायब, दिवसभर गाडी ठीक.

पप्पांनी एका गॅरेजात दाखवली. मिस्त्रींनी दोनदा रेस करून बघितलं आणि निकाल दिला. ‘रिंग-पिस्टन गेले. इंजिन काम काढावं लागेल. सव्वीस हजार धरून चाला.’

सव्वीस हजार. त्याच महिन्यात माझ्या बहिणीची डिप्लोमाची फी भरायची होती. घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, ‘विकून टाका ना ती, भंगाराच्या भावात का होईना.’ पप्पा काहीच बोलले नाहीत. गाडी गेली तर माल कशात न्यायचा, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

आता माझी चूक सांगते. घरात सगळ्यात जास्त शिकलेली मीच. मास कम्युनिकेशनची डिग्री, हातात मोबाइल. मी रात्रभर व्हिडिओ बघितले आणि दुसऱ्या दिवशी पप्पांना न विचारता जाड ग्रेडचं ऑइल आणि ‘आवाज बंद, धूर बंद’ असं लिहिलेली एक बाटली आणून इंजिनमध्ये ओतली. परिणाम? थंडीत गाडी सुरू व्हायला जास्त वेळ घ्यायला लागली. धूर तेवढाच. टकटक तेवढीच. माझे तेराशे रुपये मात्र गेले. वर पप्पांनी एवढंच विचारलं, ‘तुला कुणी सांगितलं गं हे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मित्रांनो, हा लेख त्या तेराशे रुपयांचा आहे. आणि त्यानंतर दिलेल्या पाचशे रुपयांचाही.

चाचांनी विचारलेला प्रश्न

जानेवारीत पुरवणीच्या कामानं मी शहरातल्या जुन्या गॅरेजांमध्ये फिरत होते. तिथं एक चाचा भेटले. वय साठीच्या पुढं, चाळीस वर्षं हाच धंदा. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. ‘नाव छापू नको बेटा, लोक फुकट दाखवायला येतील.’ तेव्हा मी हसले होते. त्या वाक्याचा अर्थ मला नंतर कळला.

बोलता बोलता आमच्या ओम्नीचा विषय निघाला. मी म्हटलं, धूर खूप येतो. चाचा म्हणाले, ‘किती येतो ते सोड. कधी येतो ते सांग.’

मी गप्प. पंधरा दिवस आमच्या घरात त्या धुरावर चर्चा चालली होती, पण तो नेमका कधी येतो हे कुणी नीट बघितलंच नव्हतं. चाचांनी तीन प्रश्न दिले, होमवर्क दिल्यासारखे. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला येतो का? रेल्वे फाटकात दहा मिनिटं गाडी चालू ठेवून उभी केली आणि मग निघालात, तर येतो का? घाट उतरून खाली आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की येतो का?

पप्पांना विचारलं. तिन्हीला ‘हो’. दिवाळीत अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला गेलो होतो, तेव्हा घाट संपल्यावर मागच्या दुचाकीवाल्यानं हात दाखवून शिव्या घातल्या होत्या, ते त्यांना लख्ख आठवलं. आणि चढावर, लोड असताना, अख्ख्या रस्त्यात? ‘नाही. तेव्हा नाही येत.’

चाचा म्हणाले, ‘मग रिंग नसेल. वॉल सील बघू आधी. गाडी संध्याकाळी आणून लाव आणि सकाळी मी येईपर्यंत चावीला हात लावू नको.’

इंजिनात चाललंय काय?

इथं थोडं तंत्र समजून घेऊ. मलाही ते नव्यानंच कळलंय, त्यामुळे अवघड करून सांगणार नाही.

इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला आत घेण्याचे आणि बाहेर सोडण्याचे दरवाजे असतात. ते म्हणजे व्हॉल्व्ह. हे दरवाजे उघडतो तो वर फिरणारा कॅम. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये जो भाग ढकलाढकलीचं काम करतो त्याला कुठं लिफ्टर म्हणतात, कुठं टॅपेट. आपल्याकडं गॅरेजात सरसकट ‘टॅपेट’च म्हणतात. लोखंड तापलं की फुगतं, म्हणून जुन्या पद्धतीच्या इंजिनात टॅपेटजवळ एक बारीकशी फट मुद्दाम ठेवलेली असते, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकी. झिजून ही फट वाढली की धातूवर धातू आपटतो. तीच टकटक.

या टकटकीची एक खूण आहे. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एक व्हॉल्व्ह ४०० वेळा उघडतो, सेकंदाला सहा-सात वेळा. म्हणून टॅपेटचा आवाज हलका, बारीक आणि इंजिनच्या निम्म्या वेगाचा असतो आणि तो वरून, हेडच्या बाजूनं येतो. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर आवाज खालून येतो. तो जड असतो, ‘ठक ठक’ असा, आणि लोड आला की वाढतो. पहिला आवाज पान्यानं मिटू शकतो. दुसरा ऐकू आला तर गाडी तिथंच बंद करून टोइंगवाल्याला फोन करायचा. दोन्ही आवाजांना ‘इंजिन वाजतंय’ एवढंच म्हणून चालत नाही.

थंड गाडीत येणारी आणि गरम झाल्यावर जाणारी टकटक दर वेळी टॅपेटचीच असेल असंही नाही. एक्झॉस्टचं गॅस्केट थोडं फाटलं असेल तरी असाच आवाज येतो आणि धातू गरम होऊन फुगला की फट बुजून आवाज कमी होतो. फ्युएल इंजेक्टरही टकटकतात आणि तो त्यांचा नेहमीचा आवाज असतो.

काही इंजिनांत फट हातानं सेट करावी लागत नाही. तिथं हायड्रॉलिक लिफ्टर असतात. त्यात ऑइल भरतं आणि ते स्वतःच फट भरून काढतं. आपल्याकडं स्विफ्ट-डिझायरमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन याच प्रकारचं. अशा गाडीत सकाळी दोन-चार सेकंद टकटक झाली आणि थांबली तर घाबरायचं कारण नाही, रात्रीत लिफ्टरमधलं ऑइल उतरलेलं असतं. पण गरम झाल्यावरही टकटक राहिली तर आधी ऑइल तपासायचं. पातळी कमी आहे का, ऑइल बदलून किती दिवस झाले, ग्रेड कंपनीनं सांगितलेलाच आहे का. ऑइल जास्त भरलं तरी त्याचा फेस होतो आणि लिफ्टर वाजतात. आणि टकटकीसोबत ऑइलचा लाल दिवा लागला, तर विचार करत बसायचं नाही. इंजिन बंद.

आता सील. व्हॉल्व्हची दांडी एका नळीतून, म्हणजे गाइडमधून, वर-खाली होते. वर कॅमला भरपूर ऑइल लागतं. ते ऑइल दांडीवरून सिलिंडरमध्ये उतरू नये म्हणून गाइडवर रबराची एक छोटी टोपी बसवलेली असते. ती म्हणजे व्हॉल्व्ह सील. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन हे रबर कडक होतं, चिरतं. मग रात्रभर थेंब थेंब ऑइल खाली उतरतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला जळतं. निळा भपका येतो आणि मग सगळं साफ. घाट उतरताना आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असतो. तेव्हा पेट्रोल इंजिन जोरात हवा ओढायला बघतं, पण वाट बंद असते. मग ते गाइडमधून ऑइल ओढतं. खाली येऊन पाय दाबला की पुन्हा भपका. चाचांच्या तीन प्रश्नांमागं हे एवढं विज्ञान होतं. त्यांनी ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

गप्प बसणारा जास्त वाईट

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी स्वतः चावी फिरवली. आधी त्यांनी मला सायलेन्सरमागं उभं केलं. ‘बघ आणि मोज.’ निळा भपका, साधारण वीस सेकंद दाट, मग विरळ. गाडी लगेच बंद करून त्यांनी पुन्हा थंड होऊ दिली.

थंड झाल्यावर सीट उचलून वरचं कव्हर काढलं आणि फिलर गेजची पाती घेऊन एकेक टॅपेट तपासला. दुसऱ्या सिलिंडरच्या एका टॅपेटला पाती सैल जात होती, फट जवळजवळ दुप्पट. ‘हा तुझा शिलाई मशीनवाला.’ मग तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी आले आणि थांबले. तिथं पाती जातच नव्हती. फट नव्हतीच.

मी म्हटलं, ‘म्हणजे हा चांगला आहे ना? वाजत तर नाही.’

चाचांनी माझ्याकडं बघितलं. ‘जो वाजतो तो सांगतो तरी. हा गप्प आहे. गप्प बसून जळायला लागलाय.’

त्याचं कारणही त्यांनी विचारून काढलं. आमच्या आधीच्या मालकानं गाडीला एलपीजी किट बसवलं होतं आणि गाडी बरीच वर्षं गॅसवर चालली होती. गॅसवर सतत चालवलेल्या जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू खाली बसत जातो. तो खाली बसला की दांडी वर सरकते आणि फट कमी होत होत संपते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, एक्झॉस्टचा जाळ कडेनं निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. हे होताना आवाज येत नाही, उलट गाडी जास्त शांत वाटते. म्हणून गॅसवर चालणाऱ्या जुन्या गाडीचे टॅपेट ठरावीक अंतरानं तपासावेच लागतात, वाजोत किंवा न वाजोत.

टॅपेट सेट केल्यावर त्यांनी इंजिन गरम केलं, सगळे प्लग काढले आणि कॉम्प्रेशन गेज लावला. दोन सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले. तिसऱ्याचा किंचित कमी. चाचांनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा गेज लावला. रिंग खराब असती तर ऑइलनं फट बुजून आकडा वर गेला असता. तो गेला नाही. म्हणजे गळती रिंगमधून नाही, व्हॉल्व्हमधून आहे. दुसऱ्या सिलिंडरचा प्लग ऑइलनं ओला होता. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं तर धाप लागल्यासारखा भपकारा येत नव्हता, म्हणजे रिंगमधून दाब खाली जात नव्हता. ब्रीदरची नळीही बघितली, कारण ती तुंबली तरी इंजिन ऑइल खातं आणि दोष बिचाऱ्या सीलवर येतो.

हेड उतरवलं तेव्हा तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढी जळाल्याची खूण होती. वेळेवर सापडली म्हणून घासून बसवता आली. गाइड हलवून तपासली, कारण गाइडच सैल झाली असेल तर नवीन सील चार दिवसांत जातं. सगळी सीलं नवीन, हेड गॅस्केट नवीन, ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं. सगळं मिळून बिल साडेपाच हजारांच्या आत.

रिंग-पिस्टन जागच्या जागी. ते खराब नव्हतेच.

‘नुसतं बघायचे पाचशे?’

आता माझ्या मताकडं येते, कारण इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही घरात घडू शकते.

बिलात एक ओळ होती. ‘तपासणी ५००.’ पप्पांनी तिच्यावर बोट ठेवलं. ‘नुसतं बघायचे पाचशे?’ माझे पप्पा कंजूस नाहीत. सव्वीस हजार कुठून उभे करायचे याचा विचार ते महिनाभर करत होते. तिथं त्यांनी घासाघीस केली नव्हती, कारण तिथं पार्ट बदलले जाणार होते, जुने पार्ट पिशवीत परत मिळणार होते, पैसा कुठं गेला ते हाताला लागणार होतं. पण ज्या माणसाच्या दोन तासांमुळे वीस हजार वाचले, त्या दोन तासांना किंमत द्यायला त्यांचं मन तयार होईना.

आपण सगळे असेच आहोत. आपण वस्तूचे पैसे देतो, खोलण्या-जोडण्याचे पैसे देतो. ऐकण्याचे, बघण्याचे, विचार करण्याचे पैसे मात्र ‘त्यात काय एवढं’ म्हणून देत नाही. डॉक्टरांनी नुसती नाडी बघितली तरी फी देतो, कारण भिंतीवर डिग्री टांगलेली असते. मिस्त्रीनं गाडीची नाडी बघितली तर चहा पाजून निघून जातो. ‘लोक फुकट दाखवायला येतील’ हे चाचांचं वाक्य मला तिथं कळलं.

याचा परिणाम काय होतो ते बघा. पहिल्या गॅरेजातल्या मिस्त्रींना मी मनात खूप दिवस चोर म्हणत होते. आता म्हणत नाही. त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं. दोन तास घालवून नेमका दोष शोधला, तर गिऱ्हाईक त्याचे पैसे देणार नाही. सील बदलून दिलं आणि दोष दुसरा निघाला, तर तेच गिऱ्हाईक भांडायला येणार. त्यापेक्षा सगळं इंजिनच खोललं की कुठलाही दोष त्यात आपोआप जातो. पैसे मिळतात, तक्रार येत नाही. म्हणजे अंदाजानं मोठं काम सांगणं हेच त्यांच्यासाठी सुरक्षित. ही सवय त्यांना आपणच लावली आहे, तपासणी फुकट मागून. जी गोष्ट फुकट मिळते ती घाईत मिळते. आणि घाईतल्या निदानाची किंमत शेवटी आपणच मोजतो.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. गॅरेजात गेल्यावर पहिलं वाक्य ‘किती खर्च येईल?’ हे नको. ‘आधी तपासा, तपासणीचे काय घ्याल ते सांगा, आणि काय काय तपासलं ते मला दाखवा’ हे हवं. गॅरेजवाल्यांनीही पंक्चर-हवेचे दर लावतात तशी तपासणीच्या दराची पाटी लावावी. पैसे घेतले म्हणजे उत्तरही द्यावं लागेल. कॉम्प्रेशन किती आलं, टॅपेटची फट किती निघाली, हे चार आकडे कागदावर लिहून द्यावेत. तो कागद घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजात जाऊ शकतो. ही साधी गोष्ट झाली तरी निम्मी भांडणं मिटतील असं मला वाटतं.

‘जुनी गाडी ठेवताच कशाला?’

माझ्या मैत्रिणीनं हा प्रश्न विचारला आणि तो चुकीचा नाही. निळा धूर म्हणजे जळणारं ऑइल. ते माझ्या पप्पांच्या गाडीतून निघतं म्हणून हवेला कमी वाईट होत नाही. शिवाय पीयूसीची तपासणी गरम इंजिनवर, गाडी जागेवर चालू ठेवून होते. सकाळचा पहिला भपका तिथं पकडलाच जात नाही. आमच्या ओम्नीकडं वैध पीयूसी होती आणि तरीही ती रोज सकाळी गल्ली निळी करत होती. त्यामुळे ‘पीयूसी आहे ना’ म्हणून हात झटकणाऱ्यांत मी नाही.

पण भंगारात काढायचं की दुरुस्त करायचं, हे ठरवायलाही निदानच लागतं. १५ वर्षं झाली की खासगी गाडीची फिटनेस तपासून फेरनोंदणी करावी लागते. ती पाच वर्षांसाठी मिळते. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. आमची ती फी २०२४ मध्ये भरून झाली होती. एवढे पैसे भरून मिळालेली पाच वर्षं एका चुकीच्या अंदाजावर सोडून द्यायची का? उलटही खरं आहे. चाचांच्या तपासणीत ब्लॉकच झिजलेला निघाला असता, तर मी पहिली म्हणाले असते, पप्पा, सोडा. माझं म्हणणं गाडी वाचवाच असं नाही. काय झालंय ते कळल्यावर ठरवा, एवढंच आहे.

आणि आपण जालन्याचे. भंगाराचं काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. त्या सळईवर आपल्या गावाची कितीतरी घरं चालतात. भंगाराला मी नावं ठेवत नाही. पण काहीशे रुपयांच्या सीलसाठी चालती गाडी भट्टीत जावी, हे सळईच्या गावालाही परवडणारं नाही.

कानाचं शिक्षण

चाचा लांब पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ऐकतात. दोन-तीन जागी टोक फिरवलं की आवाज कुठून येतोय ते सांगतात. मी पण करून बघितलं. पहिल्या दिवशी मला सगळं सारखंच ऐकू आलं. चौथ्या खेपेला दुसऱ्या सिलिंडरची टकटक वेगळी कळली, तेव्हा झालेला आनंद कुठल्याच परीक्षेच्या निकालानं मला दिलेला नाही.

हे कौशल्य चाचांकडून कुणाकडं जाणार? त्यांच्याकडं दोन पोरं काम करतात, दोघांचं शिक्षण दहावीच्या आत सुटलेलं. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड आहे, तिथल्या मुलांकडं सर्टिफिकेट असतं पण असा कान नसतो. गॅरेजातल्या पोरांकडं कान तयार होतो पण कागद नसतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येणाऱ्या कौशल्याला प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. चाचांच्या पोरांनी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. आपल्या कॉलेजांच्या एनएसएसनं शिबिरात झाडं लावावीत, जरूर लावावीत, पण एखाद्या वर्षी गॅरेजातल्या पोरांचे हे फॉर्म भरून द्यायला काय हरकत आहे? आयटीआयनं महिन्यातून एक दिवस ठरावीक फीमध्ये जुन्या गाड्या तपासून द्याव्यात आणि चाचांसारख्या एखाद्या उस्तादाला मानधन देऊन त्या दिवशी शिकवायला बोलवावं. मुलांचा कान तयार होईल आणि लोकांना अंदाजाऐवजी आकडे मिळतील.

कुणी म्हणेल, आता स्कॅनर आलेत. आलेत, आणि चांगलंच आहे. पण स्कॅनर सेन्सर सांगतील तेवढंच सांगतो. कडक झालेल्या सीलला सेन्सर नसतो. सकाळी सहा वाजता सायलेन्सरमागं उभं राहून बघणारा माणूसच तिथं लागतो.

आता पप्पांचं सांगून थांबते. ते पाचशे रुपये त्यांनी दिले, पण कुरकुरत. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकांची अल्टो धूर मारायला लागली आणि त्यांना कुणीतरी ‘इंजिन काम’ सांगितलं. पप्पा त्यांना म्हणाले, ‘आधी बघून घ्या नीट. पाचशे रुपये घेतात बघायचे. देऊन टाका.’

मी आतून ऐकत होते. गाडी वाजत नव्हती.

सेकंडहँड गाडी घ्यायला चाललात?

आपल्यापैकी बरेच जण पहिली गाडी सेकंडहँडच घेणार. तेव्हा एवढं करा.

• सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर मालकानं पहिला भपका आधीच उडवलेला असू शकतो.

• स्टार्ट करताना एकजण मागं उभा राहू द्या. फक्त पहिल्या स्टार्टला निळा भपका आला तर सीलवर संशय. लोडवर सतत निळा धूर असेल तर रिंगवर. टर्बो गाडी असेल तर टर्बोवरही. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. थंडीत थोडा वेळ दिसणारी पांढरी वाफ मात्र नेहमीची.

• टकटक ऐकू आली तर ती वरून येते की खालून, हलकी की जड, गरम झाल्यावर राहते की जाते, हे लिहून घ्या.

• गॅस किट होतं का, हे विचारा. होतं असेल तर आवाज नसला तरी टॅपेट तपासायला लावा.

• डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल तर आधीची टॉप-अप कधी केली ते विचारा. गाडी घेतल्यावर पहिले ५०० किलोमीटर ऑइलची पातळी वहीत लिहीत जा.

• चालू इंजिनवर वाकताना ओढणी, केस, बाही बेल्ट आणि फॅनपासून लांब. बंद शटरमध्ये इंजिन चालू ठेवू नका, तो धूर जीव घेऊ शकतो.

• आणि तपासणीचे पैसे द्या. खुशीनं द्या.